लिबोरियोचा रेडिएटर

रेडिएटर घेऊन कुणी माझ्या दारात आलं की मी आधी एकच विचारते. कुठून आणलास? किती जुना, किती फुटका, कुठल्या गाडीचा, हे सगळं नंतर. तू म्हणालास, कालामाच्या भंगारवाल्याकडून. बरं. ठेव तो तिथं भिंतीशी आणि बस. लांबून आलायस, तोंडावर धूळ बसलीय. जारमध्ये पाणी आहे, ग्लास विसळून घे. कामाआधी गिऱ्हाइकाला गोष्ट ऐकवायची माझी पद्धत नाही, पण आज ऐकवणार आहे.

मी ओर्तेन्सिया. या रस्त्यावर मला सगळे तेन्चा म्हणतात. या वाळवंटात रेडिएटरचं काम करणाऱ्या बाया किती असतील मला ठाऊक नाही, दुसरी अजून भेटलेली नाही. वडिलांकडून हे काम शिकले. डाख ओला असतानाच त्यावर पान्याच्या टोकानं एक छोटा मासा काढायची त्यांची खूण होती, तीच मी चालवते. मासा काढलेला डाख सुटला असं सांगणारा ड्रायव्हर मारिया एलेना गावापासून समुद्रापर्यंत सापडायचा नाही. बढाई वाटत असेल तर वाटू दे. आणि भुताखेतांचं म्हणशील, तर मी त्यांना कधी भ्यायले नाही. जिवंत गिऱ्हाइकं काय कमी छळतात, म्हणून मेलेल्यांना घाबरायचं?

तर माझा धाकटा भाऊ फाउस्तीनो. आमचा तीनो. तोंडानं फटकळ, मनानं लोण्याचा. वडिलांचा एक जुना फोर्ड ट्रक होता, सेहेचाळीस सालचा. दर जुलैला आमच्या नाचाच्या मेळ्याची मूर्ती त्याच ट्रकमधून ला तिरानाच्या जत्रेला जायची. पुढं चिनिता, म्हणजे आमची कार्मेनची माता, मागं ढोल, आणि स्टिअरिंगवर वडील. वडील गेले, ट्रक विकला गेला. वर्षानुवर्षं तो कुठं होता कुणाला पत्ता नव्हता. मग तीनोची मुलगी आजारी पडली. हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनीही मान हलवली होती. तेव्हा तीनो चिनितेला नवस बोलला, पोर वाचली तर तुला माझ्या बापाच्या ट्रकमधून जत्रेला नेईन.

पोर वाचली. आणि नवस बोलून बसलेला हा माणूस ट्रक शोधत वणवण फिरायला लागला. शेवटी सापडला तो एका बंद पडलेल्या सोऱ्याच्या कारखान्यामागं. आत कुत्री व्यायली होती. तीनोनं पिल्लांसकट तो घरी आणला. इंजिन खोललं, लाकडी हौदा नवा केला, वडील द्यायचे तसाच हिरवा रंग दिला. राहिला तो एकटा रेडिएटर.

मूळचा रेडिएटर कुजला होता. मी बघितला आणि सांगितलं, ‘‘याला डाख लावायला धड धातूच उरला नाहीये. कसाबसा बांधून दिला तरी दर वळणावर पाणी मागेल.’’

‘‘मग दुसऱ्या गाडीचा बसव.’’

‘‘अरे शहाण्या, या इंजिनाला वर दोन पाइप, खाली दोन. आजकालच्या गाडीचा रेडिएटर याला लावायचा म्हणजे दोन डोक्यांच्या माणसाला एक टोपी घालायची.’’

तीनो हसला नाही. जत्रा जवळ येत होती. दारू सोडलेला माणूस जसा उगाच चिडचिड करतो तसा तो त्या दिवसांत करायचा. मग एका सकाळी खांद्यावर रेडिएटर टाकून माझ्यासमोर उभा. वर दोन तोंडं, खाली दोन. पितळी टाकी, तांब्याची जाळी, एक पातं वाकलेलं नाही. माझ्या तोंडाला पाणीच सुटलं म्हण ना.

‘‘कुठून आणलास?’’

‘‘इकीकेच्या भंगारवाल्याकडून,’’ तीनो म्हणाला. बोलताना जमिनीकडे बघत होता.

घे, आणखी घे पाणी. लाज कसली? इथली हवाच अशी आहे. जार तुझ्याकडेच ठेव.

रेडिएटर साफ करताना जाळीत मला मेण सापडलं. ग्रीस नव्हे, मेणबत्तीचं मेण. वरच्या टाकीवरून ओघळून पात्यांमध्ये थिजलेलं, थरावर थर. मी म्हटलं, ‘‘तुझ्या भंगारवाल्याकडे रोज वीज जाते वाटतं.’’ यावर तीनो गरजेपेक्षा जास्त हसला. मी खरवडून काढलं मेण. मग चारही तोंडं बंद करून, आत हवा भरून रेडिएटर टाकीतल्या पाण्यात बुडवला. बुडबुडा नाही. उलटा केला, आडवा केला. एकही बुडबुडा नाही. इतका जुना रेडिएटर, आणि कुठंही सुटलेला नाही! बोल्ट बसतो तो डावा कान तेवढा तडकला होता, तिथं मी डाख लावला आणि मासा काढला.

बसवण्याचं काम मला फार आवडतं. लोकांना वाटतं, चार बोल्ट आवळले की झालं. या जुन्या ट्रकांची चासी रस्त्यावर पिळते. रेडिएटर करकचून आवळला तर पहिल्याच खड्ड्यात टाकीचा सांधा फाटतो. खाली रबराच्या गाद्या द्यायच्या, बोल्टखाली स्प्रिंग ठेवायची, आणि हाताला कळेल इतकाच पाना फिरवायचा. मूल कमरेवर घेतल्यासारखं. घट्ट, पण श्वास घेता येईल असं. तीनो खालून उचलत होता, मी वरून बोल्ट सोडत होते. चारही पाइप चढवले, पट्ट्या आवळल्या. मी पाण्याची झारी घेऊन आले, झाकण उघडलं आणि थांबले.

आत पाणी होतं. अगदी गळ्यापर्यंत, काठोकाठ.

‘‘तू भरलंस?’’ मी विचारलं.

‘‘मी? माझे दोन्ही हात रेडिएटरखाली होते. तूच भरलं असशील. वय झालं तुझं.’’

‘‘वय तुझ्या सासूचं झालं.’’

आम्ही दोघंही हसलो. मला वाटलं त्यानं भरलं, त्याला वाटलं मी. कामाच्या गडबडीत असं होतं. झारी मात्र माझ्या हातात भरलेली होती, ती तशीच परत नेऊन ठेवली. तीनो नळाशी गेला आणि ओंजळीनं पाणी प्यायला. बराच वेळ पीत होता.

त्यानंतर ट्रक असा चालला म्हणून सांगू! भर उन्हात चढावर नेला तरी तापमानाचा काटा जागचा हलला नाही. इंजिनावर हात ठेवला तर नुसतं कोमट. सगळ्या गल्लीत तीनो मिरवायचा. आणि जाईल तिथं पाणी मागायचा. आमच्याकडे जेवायला आला तर जार संपवायचा, मग चहा, मग परत पाणी. त्याच्या ओठांना भेगा पडायला लागल्या. गाल आत गेले. हाताची चामडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. मला साखरेची शंका आली. आमच्या आजीला तसंच झालेलं. त्याला धरून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, लघवी तपासली. साखर नाही, काही नाही. डॉक्टरीण म्हणाली, पाणी प्या.

‘‘पितोच आहे की,’’ तीनो म्हणाला. ‘‘पण जातं कुठं कळत नाही.’’

लघवीला तो जवळजवळ जातच नव्हता. घामही नाही. हे त्याच्या बायकोनं मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं आणि एप्रनला हात पुसत राहिली. मला तेव्हा भीती वाटली. भुताची नव्हे, दुखण्याची. एकुलता एक भाऊ आहे माझा. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, मी वाढवलाय त्याला.

जत्रेला निघायच्या आदल्या सकाळी मी सहज रेडिएटरची खालची तोटी सैल केली. गंज पडतोय का बघावं म्हणून. जुलै म्हणजे इथला हिवाळा, थंडी अशी की बोटं वळत नव्हती, आणि इंजिन तर सुरूच केलेलं नव्हतं. तोटीतून पाणी आलं ते स्वच्छ. आणि गरम. उकळतं नाही. अंगाइतकं गरम. कुणी हातावर श्वास सोडावा तसं ते माझ्या तळव्यावर आलं. वास घेतला. तान्ह्या मुलाच्या टाळूला ताप असताना येतो ना, तसा खारट वास.

मी तोटी बंद केली. स्वतःलाच म्हटलं, तेन्चा, इथलं पाणी मचूळ आहे, विसरलीस का? झाकण उघडून बघितलं. एवढं सांडलं होतं, तरी पाणी काठोकाठच होतं.

थांब. गेली बघ वीज. या वेळेला रोज जाते. दिवा लावते. रॉकेलचा आहे, वास येईल थोडा. तू पाणी घे तोवर. नाही, आत जाऊन भरायला नको, हा दुसरा जार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेळ्याची मंडळी बसनं जाणार होती. ट्रक हळू चालतो म्हणून तीनो आधी निघाला, एकटाच. हौद्यात रजयांत गुंडाळलेली चिनिता आणि ढोल. मी त्याच्याजवळ पाण्याचे मोठे कॅन दिले. त्यानं ते सीटवर शेजारी ठेवले, बायकोला बसवावं तसे. ओठ हसण्यानं फाटले, रक्त आलं. पण डोळे असे चमकत होते की त्याला थांबवायचं धाडस मला झालं नाही. नवसाला निघालेला माणूस तो.

तो गेला आणि रेमिहिओ आला. रेमिहिओ म्हणजे तीनोचा दोस्त, तोही ट्रकवालाच, बडबड्या. काही डाखायला घेऊन आला होता. बाकावर टेकला आणि म्हणाला, ‘‘मग? कसा काय चालतोय लिबोरियोचा रेडिएटर?’’

माझ्या हातात गॅसची बत्ती पेटलेली होती. मी ती विझवली.

‘‘कुणाचा?’’

‘‘तीनोनं सांगितलं नाही तुला?’’ त्याचा चेहरा उतरला. ‘‘अगं... तसं काही नाही. जुन्या रस्त्यावरचा.’’

लिबोरियो तुला माहीत नसेल, तू कालामाचा. सोऱ्याचे कारखाने चालू होते त्या काळातला तो ड्रायव्हर. जुन्या रस्त्यावर त्याचा ट्रक बंद पडला. वाट चुकलेला, येणारं जाणारं कुणी नाही. लोक पोचले तेव्हा तो पुढच्या चाकाला टेकून बसला होता, सुकलेला, जीभ काळी पडलेली. शेजारी त्याचा पिण्याच्या पाण्याचा कॅन रिकामा. आणि ट्रकचा रेडिएटर काठोकाठ भरलेला. स्वतःच्या तोंडचं पाणी काढून त्यानं गाडीला पाजलं होतं. गाडी सुरू होईल, आपण सुटू, या आशेवर. गाडी सुरू झाली नाही, आणि गाडीला दिलेलं पाणी परत काढून प्यावं हे त्याच्या मनात आलं नाही. ड्रायव्हर लोक याचं कौतुक करतात. मला विचारशील तर मूर्खपणा आहे. पण तो मेला तिथं त्यांनी त्याची देवळी बांधली, रस्त्यावर मेलेल्या माणसाची बांधतात तशी, आणि तो रेडिएटर तिच्या कपाळाशी टांगला. जाणारा येणारा पाण्याची बाटली ठेवतो. तहानेनं जीव चाललेल्यानं त्यातली बाटली उचलली तर पाप नाही, असा रिवाज आहे. पण देवळीवरची वस्तू कुणी काढत नाही.

‘‘चोरी कसली?’’ रेमिहिओ म्हणाला. ‘‘बदली केली आम्ही. तीनोनं आपला जुना रेडिएटर तिथं टांगला. मेणबत्ती लावली, सिगारेट पेटवून ठेवली. म्हणाला, लिबोरियो, तूही ड्रायव्हर, मीही ड्रायव्हर, देवीचं काम आहे, अडवू नकोस. नड असली तर ड्रायव्हर ड्रायव्हरला देतोच की.’’

‘‘आणि तो काय म्हणाला?’’

‘‘कोण?’’

मी पिकअपची किल्ली घेतली, हत्यारांची पेटी मागं टाकली. रेमिहिओला म्हटलं, ‘‘चल.’’

‘‘मी कशाला?’’

‘‘बदली करायला.’’

मोठ्या रस्त्यानं गेलो. तीनो नेहमी त्याच रस्त्यानं जायचा. कुठंच दिसला नाही. पेट्रोल पंपावर विचारलं, हिरवा ट्रक इकडून गेलाच नाही म्हणाले. मग मी गाडी वळवली आणि जुना रस्ता धरला. रेमिहिओची बडबड हळूहळू बंद झाली.

भर दुपार. तू या माळावर दुपारी थांबलायस कधी? पाखरू नाही, गवताची काडी नाही. उन्हानं मिठाचा पापुद्रा तडकतो त्याचा तेवढा आवाज, इकडून एक, तिकडून एक, कुणी हलक्या पायानं चालल्यासारखा. मला त्याची सवय आहे. पण त्या दिवशी काच खाली केली आणि नाकात वास शिरला. ओल्या मातीचा. जिथं माझ्या आयुष्यात पाऊस पडलेला नाही तिथं ओल्या मातीचा वास.

‘‘तेन्चा...’’ रेमिहिओ कुजबुजला. ‘‘परत फिरू या.’’

‘‘तुला उतरायचं तर उतर. इथंच.’’

तो उतरला नाही.

ट्रक देवळीसमोर उभा होता. रस्त्याच्या मधोमध, बॉनेट उघडं. इंजिन बंद. तीनो बंपरवर चढून रेडिएटरमध्ये कॅन ओतत होता. मी धावत गेले. त्याच्या गालांची हाडं वर आली होती, डोळे खोल गेलेले. सकाळी निरोप दिलेला माणूस आणि हा, मधे जणू वर्षं गेली होती. आणि कॅनमधलं पाणी आत जात होतं. रेडिएटर भरलेला मला दिसत होता, पाणी गळ्याशी हलत होतं, तरी वरून पडणारं आत जात होतं. एक थेंब बाहेर नाही. बाकीचे कॅन रिकामे होऊन खाली पडले होते.

‘‘तीनो, खाली उतर.’’

‘‘थोडंच राहिलंय, तेन्चा... भरलं की निघतो.’’

‘‘भरलंय ते. बघ.’’

‘‘नाही गं... अजून मागतोय.’’

मी त्याला कमरेला धरून खाली घेतलं. काही वजनच नव्हतं त्याला. चाकाला टेकवून बसवलं, आणि बसवल्यावर माझ्या लक्षात आलं की कुठल्या चाकाला. पुढच्या. मी माझी बाटली त्याच्या ओठांना लावली. त्यानं तोंड फिरवलं.

‘‘हे गाडीचं,’’ तो म्हणाला. आवाज त्याचाच होता. पण म्हणण्याची तऱ्हा म्हाताऱ्या माणसाची होती.

बाटली बळंच तोंडात घातली. पाणी तोंडात गेलं आणि ओठांच्या कडेनं एक थेंबही न सांडता नाहीसं झालं. घशाची घाटी हलली नाही. तेवढ्यात वर रेडिएटरमध्ये डुबुक् असा आवाज आला.

रेमिहिओ मागं उभा राहून देवाचं नाव घेत होता. माझी मात्र भीती त्या क्षणी संपली. राग आला. असा राग मला जन्मात आला नाही. मी देवळीकडे वळले आणि ओरडले, ‘‘लिबोरियो, तू आपल्या हातानं ओतलंस! माझा भाऊ काय तुझं देणं लागतोय? तुला प्यायचं होतं तर प्यायचं होतंस, कुणी हात धरला होता?’’

मग मी ट्रकखाली शिरले आणि तोटी उघडली. हत्यारांच्या पेटीतला पत्र्याचा मग खाली धरला. अंगाइतकं गरम पाणी. तो भरून तीनोच्या तोंडाशी नेला.

‘‘हे गाडीचं आहे,’’ तो पुटपुटला. ‘‘गाडीचं प्यायचं नसतं.’’

‘‘गाडीचं नाही. हे तुझं आहे. तुझंच तुला देतेय. पी. मोठी बहीण सांगतेय, पी!’’

लहानपणी ताप आला की मी त्याचं नाक दाबून औषध पाजायची. तसंच केलं. घाटी हलली. एकदा, दोनदा. मग त्यानं माझ्या हातातून मग हिसकावून घेतला. मी पुन्हा भरला. पुन्हा. त्याच्या कपाळावर घाम आला, आणि तो घाम बघून मला हुंदका फुटला. तो रडायला लागला, डोळ्यांतून खरं पाणी येत होतं.

तोटी मात्र वाहतच होती. त्या रेडिएटरमध्ये किती पाणी मावतं हे मला झोपेतही सांगता येईल. त्याच्या कितीतरी पट पाणी वाहून गेलं. थांबेना. एका तीनोचं एवढं पाणी असणं शक्य नव्हतं. वाळूत त्याचा ओहोळ झाला आणि तो देवळीकडे निघाला. देवळी चढावर आहे, लक्षात घे. पाणी चढावर चाललं होतं. सावकाश, वाट माहीत असल्यासारखं.

‘‘बघू नकोस,’’ मी रेमिहिओला म्हटलं. ‘‘पाना दे.’’

तिथंच, उन्हात, मी तो रेडिएटर उतरवला. माझ्याच हातानं बसवलेला, त्यामुळं बोल्ट कुठं किती आवळलाय ते बोटांना पाठ होतं. उतरवला, कोरडा केला, देवळीच्या कपाळाशी होता तिथं टांगला. आमचा कुजका रेडिएटर काढून घेतला. निघताना मी माझी बाटली देवळीत ठेवली. रागावले होते, तरी ठेवली. तहानेनं मेलेला माणूस तो.

तो कुजका रेडिएटर मी पिकअपच्या सावलीत बसून बांधला. फुटलेल्या नळ्या चिमटून बंद केल्या, जिथं धातू होता तिथं डाख लावला, नव्हता तिथं साबण कोंबला. माझ्या हातून इतकं ओंगळ काम कधी झालं नसेल. मासा काढला नाही त्यावर. पण ट्रक सुरू झाला. तीनो स्टिअरिंगवर, मी मागं पिकअपमध्ये. दर थोड्या वेळानं थांबायचं, वाफा जाऊ द्यायच्या, पाणी घालायचं. प्रत्येक थांब्यावर मी विचारायची, ‘‘आधी कोण?’’ आणि तीनो म्हणायचा, ‘‘आधी मी.’’ प्यायचा, मग गाडीला द्यायचा. ला तिरानाच्या चौकात आम्ही शिरलो तेव्हा ट्रक किटलीसारखा शिट्टी मारत होता, लोक हसत होते, ढोल वाजत होते. चिनितेला खांद्यावर घेताना तीनो घामानं भिजला होता. त्याच्याइतका सुंदर घामट माणूस मी बघितलेला नाही.

आज तो ठणठणीत आहे. नवीन जाळी मी स्वतः बनवून दिली, वर दोन पाइप, खाली दोन. त्या रस्त्यानं जाताना आम्ही थांबतो, बाटली ठेवतो, आणि वर बघत नाही.

गेल्या खेपेला मात्र मी बघितलं. देवळीच्या कपाळाशी नुसता खिळा होता.

संपलं पाणी? तोही जार संपला? राहू दे, उठू नकोस. आधी माझं ऐक. तू आलास तेव्हाच मी त्या रेडिएटरकडे बघितलं होतं, म्हणून तर गोष्ट सांगायला बसले. दिवा जवळ धर. डाव्या कानावरचा डाख बघ. त्यावर काय काढलंय? मासाच ना? मी रागावत नाही. तू घेतलास की ज्यानं तुला विकला त्यानं घेतला, तेही विचारत नाही. तुझे ओठ फाटलेत, आरशात बघितलेस का? अजून काही बिघडलेलं नाही. उद्या उजाडताच आपण दोघं जाऊ आणि तो जिथला तिथं टांगू. मी असताना तुला काही होणार नाही, हे लिहून ठेव.

विश्वास बसत नाही? थकलेली बाई दिव्यापाशी बसून गोष्टी रचते असं वाटतंय?

मग एक कर. त्याची चारही तोंडं उघडी आहेत, झाकणही नाही, आणि खालची फरशी कोरडी ठणठणीत आहे. मघाशी तू तो एका हातानं खांद्यावरून उतरवलास. आता जरा उचलून बघ.